दवाखाना हाकेच्या अंतरावर, तरी शहरातल्या गरीब वस्तीत बाळंतिणी का दगावतात?

रानजाई (प्रश्न)

शहरी गरीब वस्त्यांमधल्या मातामृत्यूंवर कार्यकर्त्यांसाठी एक टिपण करायचं आहे. वाचायला घेतलं की दोनच तऱ्हेचं लिखाण हाती लागतं. एकात 'अज्ञान, गरिबी, कुपोषण' असं मोघम लिहिलेलं असतं आणि दुसऱ्यात नुसती वैद्यकीय कारणांची टक्केवारी. दोन्ही खोटं नाही, पण या दोन्हींच्या मधल्या काही तासांत काय घडतं ते कुठेच सापडत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये जगात सुमारे २ लाख ६० हजार मातामृत्यू झाले, म्हणजे लाख जिवंत जन्मांमागे १९७. २००० साली हाच आकडा ३२८ होता आणि २०३० पर्यंत तो ७० च्या खाली आणायचा आहे. शहरांचे आकडे खेड्यांपेक्षा बरे दिसतात म्हणून शहरांकडे फारसं कुणी बघत नाही. पण केनियातल्या नैरोबीच्या कोरोगोचो आणि विवांदानी या वस्त्यांत २००३ ते २००५ मधले मृत्यू घरोघरी जाऊन शोधले, तेव्हा प्रमाण लाखामागे ७०६ निघालं. त्या काळच्या राष्ट्रीय सरासरीपेक्षाही जास्त, आणि तेही राजधानीच्या शहरात.

जाणकारांना विचारायचं ते असं: इस्पितळ पायी जाण्याच्या अंतरावर असताना बाई नेमकी कुठे हातची जाते? छोट्या प्रसूतिगृहात आणि वस्तीत कोणत्या गोष्टी तपासाव्यात? आणि मृत्यू झाल्यावर चौकशीत काय विचारावं? औषधांची मात्रा, वेळा, आकडे दिलेत तर फार उपयोग होईल.

---

उत्तरा

रानजाई, टक्केवारी बाजूला ठेवून तासांपासून सुरुवात करा. उपचार मिळालेच नाहीत तर गुंतागुंत सुरू झाल्यापासून सरासरी किती वेळ हातात असतो, याचे ढोबळ अंदाज प्रसूतिशास्त्रात वापरतात. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव २ तास, आधीचा रक्तस्राव १२ तास, गर्भाशय फाटलं तर १ दिवस, बीपी वाढून येणारे झटके २ दिवस, अडलेलं बाळंतपण ३ दिवस, जंतुसंसर्ग ६ दिवस. शहरात अडलेल्या बाळंतपणाला आणि जंतुसंसर्गाला पुरेसा वेळ मिळतो. त्यामुळे या दोन कारणांनी शहरात मृत्यू झाला, तर कुणीतरी बाईला बघूनही तिची अवस्था ओळखली नाही असं समजून चौकशीला लागावं. रक्तस्रावाचं तसं नाही. तिथे दोन तास शहरातही कमी पडतात, कारण त्यातला पहिला तास ओळखण्यातच जातो.

दिवस भरलेल्या गर्भाशयाकडे मिनिटाला ५०० ते ७०० मिली रक्त वाहत असतं. वार सुटली की त्या रक्तवाहिन्यांची उघडी तोंडं आवळून धरण्याचं काम गर्भाशयाचे स्नायू करतात, गुठळीचं काम त्यानंतरचं. गर्भाशय सैल राहिलं तर काही मिनिटांतच बाईचं रक्त वाहून जाऊ लागतं. आणि हे रक्त दिसत नाही. काही चादरीत मुरतं, काही कापसात जिरतं, काही गर्भजलात मिसळतं, काही टेबलाच्या कडेवरून बादलीत जातं. नजरेचा अंदाज नेहमी कमी येतो, आणि रक्त जितकं जास्त गेलेलं असतं तितकी चूक वाढते. त्यातून तरुण बाईचं शरीर बराच वेळ बीपी धरून ठेवतं. बीपी खाली येईपर्यंत थांबलात तर उशीर झालेलाच असतो. आधी नाडी चढते. नाडीचा आकडा वरच्या बीपीच्या आकड्याला जाऊन भिडला की धोका समोर उभा आहे.

यावरचा उपाय स्वस्त आहे: मोजपट्टी छापलेली प्लास्टिकची पिशवी. बाळ बाहेर आलं की ती कमरेखाली सरकवायची आणि खालच्या टोकाला रक्त साठू द्यायचं. पहिला तासभर दर १५ मिनिटांनी चार गोष्टी बघायच्या: पिशवीतली पातळी, नाडी, बीपी, आणि पोटावर हात ठेवून गर्भाशय घट्ट आहे का. ५०० मिली झालं की उपचार लगेच सुरू करायचे. ३०० मिली असून नाडी-बीपी बिघडलेलं असेल तर ५०० ची वाट बघायची नाही. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या रुग्णालयांत दोन लाखांहून अधिक प्रसूतींवर ही पद्धत तपासली गेली, निष्कर्ष २०२३ मध्ये आले. रक्तस्राव ओळखला जाण्याचं प्रमाण ५१ टक्क्यांवरून ९३ टक्क्यांवर गेलं. लिटरभर किंवा जास्त रक्त जाण्याचं प्रमाण ४.३ टक्के होतं, ते १.६ टक्क्यांवर आलं.

ओळखल्यावर करायच्या पाच गोष्टी एकदमच सुरू करायच्या असतात. पहिलीचा परिणाम बघून मग दुसरी, असं करत बसलं की वेळ जातो:

गर्भाशय चोळणं.
ऑक्सिटोसिन (गर्भाशय आवळणारं औषध) १० युनिट शिरेतून सावकाश, मग २० युनिट एक लिटर सलाइनमध्ये घालून चार तासांत. न मिसळता एकदम ढकललं तर बीपी कोसळतं.
ट्रॅनेक्सॅमिक अॅसिड (रक्ताची गुठळी टिकवून धरणारं औषध) १ ग्रॅम शिरेतून १० मिनिटांत.
शिरेतून सलाइन.
तपासणी: मूत्राशय भरलेलं आहे का, वार पूर्ण आली का, योनीमार्ग किंवा गर्भाशयमुख फाटलं आहे का. आणि थांबत नसेल तर वरिष्ठांना बोलावणं.

ट्रॅनेक्सॅमिकबद्दल एक गोष्ट अधोरेखित करून लिहा. २०१७ मध्ये आलेल्या २१ देशांच्या चाचणीनुसार बाळंतपणानंतर ३ तासांच्या आत दिलं तरच त्याचा फायदा होतो, आणि अशा चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणानुसार दर १५ मिनिटांच्या उशिरागणिक तो फायदा सुमारे १० टक्क्यांनी घटतो. ३० मिनिटांनीही रक्त चालूच असेल, किंवा २४ तासांत पुन्हा सुरू झालं, तर दुसरा १ ग्रॅम द्यायचा. हे औषध कपाटात कुलूपबंद असेल आणि किल्ली रात्रपाळीबाहेरच्या कुणाकडे असेल, तर ते नसल्यातच जमा.

आता यात वस्तीतली गरिबी कुठे येते? रक्तक्षयात. हिमोग्लोबिन १२ असलेली बाई ८०० मिली रक्त गेलं तरी बहुधा तगते. ६.५ असलेलीला तेवढंच रक्त जाणं झेपत नाही. हिमोग्लोबिन ७ च्या खाली असेल तर मृत्यूचा धोका साधारण दुप्पट होतो, हे २९ देशांतल्या माहितीवरून दिसलं आहे. लोहाच्या गोळ्यांनी हिमोग्लोबिन १ ग्रॅम वाढायला तीन-चार आठवडे लागतात. म्हणजे पहिली तपासणी ३४व्या आठवड्यात झाली तर गोळ्यांना वेळच उरत नाही. तिथे शिरेतून लोह किंवा रक्त द्यावं लागतं, आणि प्रसूती कुठे करायची ते त्याच दिवशी ठरवावं लागतं.

---

पारिजात

उत्तराने लिहिलंय त्याच्या मागची एक पायरी, औषधाची. चौकशीच्या कागदावर 'ऑक्सिटोसिन दिलं' असं लिहिलेलं असतं, आणि गर्भाशय तरी सैलच असतं. ऑक्सिटोसिन २ ते ८ अंशांत ठेवायचं औषध आहे. दमट, पत्र्याच्या छताच्या खोलीत ट्रेमध्ये आठवडाभर पडलेल्या अँप्युलचा (औषधाच्या काचेच्या कुपीचा) जोर उतरतो, आणि बाहेरून ते ओळखू येत नाही, रंग तोच, पाणी तेच. म्हणून छोट्या प्रसूतिगृहात गेलात की आधी फ्रिज उघडा. थर्मामीटर आहे का, दिवसातून दोनदा नोंद होते का, वीज गेल्यावर काय करतात, अँप्युल दारात ठेवलेत की मधल्या कप्प्यात, गोठणाऱ्या भागाला टेकलेत का (गोठलेलंही चालत नाही). जिथे फ्रिजचा भरवसा नाही तिथे रक्तस्रावाच्या प्रतिबंधासाठी उष्णतेत टिकणारं कार्बेटोसिन १०० मायक्रोग्रॅम हा पर्याय आहे, ३० अंशांत ते तीन वर्षं टिकतं. तेही नसेल तर मिसोप्रोस्टॉल: प्रतिबंधासाठी ६०० मायक्रोग्रॅम तोंडाने, उपचारासाठी ८०० जिभेखाली. त्याने थंडी वाजून ताप चढतो, तो जंतुसंसर्गाचा ताप समजू नका.

दुसरं औषध मॅग्नेशियम सल्फेट, झटक्यांवरचं. हे कपाटात असतं, पण घाबरून वापरलं जात नाही. 'श्वास थांबेल' या भीतीने पहिला डोसही न देता बाईला झटके येत असतानाच पुढे पाठवतात आणि तिला गाडीत परत झटका येतो. २००२ मध्ये आलेल्या, ३३ देशांतल्या सुमारे १० हजार बायकांवरच्या चाचणीत या औषधाने झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी झाला. पाठवण्याआधी पहिला डोस देण्याची कृती भिंतीवर लावून ठेवावी अशी आहे:

५० टक्क्यांच्या द्रावणात १ मिलीमध्ये अर्धा ग्रॅम असतो. ४ ग्रॅमसाठी ते ८ मिली घ्या, त्यात १२ मिली निर्जंतुक पाणी मिसळा, म्हणजे २० मिलीचं २० टक्के द्रावण झालं. ते शिरेतून सावकाश द्या, किमान ५ मिनिटं. मग न मिसळलेल्या ५० टक्के द्रावणाचे १० मिली (५ ग्रॅम) एका नितंबात खोल स्नायूत आणि तेवढेच दुसऱ्यात. प्रत्येक सिरिंजमध्ये २ टक्के लिग्नोकेन १ मिली, कारण हे इंजेक्शन फार दुखतं. एकूण झाले १४ ग्रॅम. पुढे दर ४ तासांनी ५ ग्रॅम, नितंब बदलत, प्रसूतीनंतर किंवा शेवटच्या झटक्यानंतर (जे नंतर घडेल त्यापासून) २४ तास.

पुढचा प्रत्येक डोस देण्याआधी तीन गोष्टी: गुडघ्याखाली हलकं ठोकल्यावर पाय उडतो ना, श्वास मिनिटाला १६ किंवा जास्त ना, आणि मागच्या ४ तासांत लघवी किमान १०० मिली झाली ना. औषध लघवीवाटे बाहेर जातं, म्हणून लघवी मोजणं इतकं महत्त्वाचं. श्वास मंदावला तर कॅल्शियम ग्लुकोनेट १ ग्रॅम, म्हणजे १० टक्क्यांचे १० मिली, शिरेतून सावकाश. ते अँप्युल मॅग्नेशियम सल्फेटच्याच डब्यात चिकटपट्टीने बांधून ठेवलं तर सिस्टरची निम्मी भीती जाते.

चूक होते ती बहुतेक वेळा मिसळण्यात. ५० टक्क्यांचं द्रावण पाणी न घालता शिरेतून जातं, किंवा भीतीपोटी फक्त एकाच नितंबात देऊन थांबतात. दोन्ही टाळायला डब्यातच २० मिलीच्या तीन सिरिंजा, पाण्याचे अँप्युल आणि कृतीचा कागद एकत्र बांधलेला असावा.

---

वाटसरू

मला वाटतं आपण उगाच खोलात जातोय. घरची बाळंतपणं पूर्ण थांबवली की शहरातला प्रश्न संपतो. इस्पितळं तर आहेतच.

---

समिधा

वाटसरू, तसं झालं असतं तर किती बरं होतं. घरची बाळंतपणं कमी झाली की काही कारणं नक्की मागे पडतात, त्याबद्दल वाद नाही. पण शहरात बाई बहुधा कुठल्या ना कुठल्या दवाखान्यातच बाळंत झालेली असते. प्रश्न तो दवाखाना काय करू शकतो याचा आहे. गल्लीतल्या चार खाटांच्या प्रसूतिगृहात रक्तसाठा नसतो, भूलतज्ज्ञ बोलावल्यावर येतो, शस्त्रक्रियेचा सर्जन तीन ठिकाणी धावत असतो. आणि मोठ्या रुग्णालयात सगळं असतं, फक्त एका खाटेवर दोघी असतात.

या दोन्हींच्या मधे बाई कशी हरवते ते दाखवण्यासाठी एक नमुना वेळापत्रक मांडते. टिपणात असंच एखादं घाला, लोकांना पटकन समजतं.

२२:०० बाळ झालं.
२२:१५ रक्त जास्त जातंय हे लक्षात आलं.
२२:५० बोलावलेले डॉक्टर पोचले.
२३:१० पुढे पाठवायचं ठरलं.
२३:३० गाडी निघाली.
२३:५० पहिलं मोठं रुग्णालय. खाट नाही, रक्तपेढीत तो गट नाही.
००:२० तिथून निघाली.
००:४० दुसरं रुग्णालय.
०१:३० रक्ताची पहिली पिशवी चालू.

रक्तस्राव ओळखल्यापासून रक्त चढेपर्यंत ३ तास १५ मिनिटं गेली. त्यातला प्रवास किती? दोन वेळा वीस-वीस, म्हणजे ४० मिनिटं. उरलेली १५५ मिनिटं बाई कुठल्या तरी दवाखान्याच्या छताखालीच होती. आणि ट्रॅनेक्सॅमिक अॅसिडची ३ तासांची मुदत ०१:०० ला संपली. ते पहिल्या ठिकाणी दिलं नसेल, तर 'तिथे गेल्यावर देतील' म्हणत दोन्हीकडे राहून गेलं. थॅडियस आणि मेन यांनी १९९४ मध्ये तीन विलंबांची मांडणी केली: निर्णयाला उशीर, पोचायला उशीर, पोचल्यावर उपचाराला उशीर. शहरी वस्तीत तिसरा विलंब एकदा होत नाही. प्रत्येक दारात तो नव्याने होतो, कारण नवीन दारात नवीन केसपेपर, नवीन तपासणी, पुन्हा रक्तगट, पुन्हा पैसे भरण्याची खिडकी, पुन्हा 'नवरा कुठाय, सही कोण करणार'.

म्हणून पाठवणाऱ्याने फोन केल्याशिवाय गाडी हलवू नये. फोनवर चारच प्रश्न: या गटाचं रक्त आत्ता आहे का, शस्त्रक्रियेचे डॉक्टर आणि भूलतज्ज्ञ आत्ता हजर आहेत का, टेबल मोकळं आहे का, आणि बाईला ताब्यात कोण घेणार त्याचं नाव काय. 'पाठवा, बघतो' हे उत्तर धरायचं नाही.

चिठ्ठीवर 'पुढील उपचारासाठी' एवढं लिहून काहीही कळत नाही. बाळ किती वाजता झालं, वार आली का आणि पूर्ण का, मोजलेलं रक्त किती, नाडी-बीपी वेळेसह, कोणतं औषध किती वाजता किती दिलं, रक्तगट, शेवटचं हिमोग्लोबिन. रक्ताचा नमुना चिठ्ठीसोबत नळीत भरून, नाव-वेळ लिहून पाठवला तर पुढच्या ठिकाणी गट जुळवण्यातला वेळ काही ठिकाणी वाचतो. नळीवर नाव नसेल तर ती रक्तपेढी स्वीकारत नाही आणि तसंच असायला हवं.

गाडीत बाई आडवी, पांघरलेली, दोन जाड सुया लावलेल्या, लघवीची नळी घातलेली, सलाइन चालू. सोबत फक्त नातेवाईक नको, हात चालवू शकणारी सिस्टर हवी, कारण वाटेत दोन्ही हातांनी गर्भाशय दाबून धरावं लागू शकतं. गर्भाशयात फुगा घालून (कॅथेटरला बांधलेला निर्जंतुक कंडोम, त्यात २५० ते ५०० मिली सलाइन) किंवा घोट्यापासून पोटापर्यंत आवळून बांधायचा शॉकरोधक पोशाख घालून वेळ विकत घेता येतो. पोशाख पोचल्यावर घाईने सोडला की बीपी एकदम ढासळतं. स्थिरावल्यावर, घोट्याकडून सुरुवात करून, प्रत्येक पट्ट्यानंतर थांबून नाडी-बीपी बघत सोडायचा.

---

रानजाई

समिधा, ते १५५ मिनिटांचं गणित जसंच्या तसं टिपणात घेते. एक शंका. बऱ्याच वेळा कळतं की बाई सुखरूप बाळंत झाली, घरी आली आणि चौथ्या-पाचव्या दिवशी गेली. घरच्यांना वाटतं डिस्चार्ज दिला म्हणजे सगळं ठीक. तिथे काय होतं?

---

उत्तरा

तिथे बहुतेक वेळा बीपी, नाहीतर जंतुसंसर्ग.

बीपी बाळंतपणानंतर लगेच उतरत नाही. अंगात साठलेलं पाणी रक्तात परत येतं आणि तिसऱ्या ते सहाव्या दिवशी बीपी सर्वांत वर जातं. गर्दीच्या वॉर्डात खाट रिकामी करायची म्हणून २४ तासांत सुट्टी देतात. म्हणजे बीपी वर जातं तेव्हा बाई नेमकी घरी असते. गरोदरपणी बीपी कधीच वाढलं नव्हतं अशा बाईलाही बाळंतपणानंतर झटके येऊ शकतात. डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे काजवे, छातीच्या खाली पोटाच्या वरच्या भागात दुखणं: घरचे याला जागरणाचा थकवा आणि पित्त म्हणतात. ही तीन लक्षणं डिस्चार्जच्या कागदावर मोठ्या अक्षरांत हवीत, आणि बाईला वाचता येत नसेल तर सोबतच्या माणसाकडून म्हणवून घ्यावीत. १६०/११० च्या वर बीपी हा थांबण्याचा विषय नाही, औषधाने तासाभरात खाली आणायचं असतं.

जागतिक आरोग्य संघटना सांगते ती वेळापत्रकं याच कारणासाठी आहेत: पहिले २४ तास दवाखान्यात, मग ४८ ते ७२ तासांत, ७ ते १४ दिवसांत आणि सहाव्या आठवड्यात भेट. वस्तीतल्या कार्यकर्तीला यातली ४८-७२ तासांची भेट जमवता आली आणि हातात बीपीचं चालू यंत्र असलं तरी पुष्कळ झालं. दंड जाड असेल तर मोठा पट्टा हवा, लहान पट्टा बीपी खोटं वाढवून दाखवतो आणि सैल बांधलेलाही तसंच करतो. बाई पाच मिनिटं टेकून बसलेली, हात छातीच्या पातळीवर, मोजताना बोलणं नाही.

जंतुसंसर्गात फसवणारी गोष्ट म्हणजे ताप नसू शकतो. अंग गार, श्वास भराभर, नाडी १२० आणि बाई गप्प-गप्प, असं असलं तरी तो जंतुसंसर्गच असू शकतो. ओळखल्यापासून तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक जायला हवं. बाळंतपणाच्या वेळी वार तुकड्यांत निघाली होती का, आत हात घालावा लागला होता का, पाणमोट फुटून किती तास झाले होते, किती जणांनी आतून तपासलं होतं, हे विचारा. सिझेरियननंतर पोट फुगलेलं, वायू सरत नाही, टाक्यातून घाण वास: वाट बघू नका. २०२३ च्या एका मोठ्या बहुदेशीय चाचणीत कळा सुरू झाल्यावर अझिथ्रोमायसिन २ ग्रॅम तोंडाने एकदाच दिल्याने आईचा जंतुसंसर्ग किंवा मृत्यू २.४ वरून १.६ टक्क्यांवर आला. पण अस्वच्छ लेबर रूमवरचं ते औषध नव्हे. हात धुवायला वाहतं पाणी नसेल तर तिथून सुरुवात.

---

कवडसा

दोन प्रकारचे मृत्यू प्रसूतीच्या वॉर्डात सापडतच नाहीत, ते इथे नोंदवते.

पहिला गर्भपाताचा. मोजणीत हा सर्वांत जास्त लपतो. नैरोबीच्या ज्या अभ्यासाचा रानजाईने उल्लेख केला त्यातही गर्भपाताची गुंतागुंत प्रमुख कारणांत होती. आत राहिलेले अवशेष, गर्भाशयाला पडलेलं छिद्र, जंतुसंसर्ग. बाई ताप आणि पोटदुखी घेऊन जनरल वॉर्डात येते, खरं सांगायला घाबरते, आणि तिथे कुणी पाळीची तारीख विचारत नाही. पाळीच्या वयातली बाई ताप, पोटदुखी किंवा चक्कर घेऊन आली की लघवीची गर्भचाचणी करायची, मग ती लग्न झालेली असो वा नसो, कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झालेली असो वा नसो. गर्भाशयाबाहेर गर्भनळीत वाढलेला गर्भ फुटलेला असेल तर तोही याच चाचणीतून पकडला जातो. तिथे अंगावरून थोडंसंच जातं आणि पोटात लिटरभर साठलेलं असतं. गर्भपाताचा सल्ला खुलेपणाने, न ओरडता, गुप्तता राखून मिळाला तर बाई अप्रशिक्षित माणसाकडे जात नाही, हे औषधाइतकंच महत्त्वाचं आहे. आणि अवशेष काढायचे तर हाताने चालवायच्या निर्वात पंपाने (१४ आठवड्यांपर्यंत), धारदार चमच्याने खरवडून नव्हे.

दुसरा हृदयाचा आणि फुप्फुसांचा. दाटीवाटीच्या खोल्यांत लहानपणी घशाच्या संसर्गातून संधिवाताचा ताप येतो आणि हृदयाची झडप आकसते. बाईला ते माहीतही नसतं. गरोदरपणात रक्ताचं प्रमाण जवळपास दीडपट होतं, झडप तेवढं पुढे सोडू शकत नाही. बाळ बाहेर आल्यावर आकसलेल्या गर्भाशयातलं रक्त एकदम परत येतं आणि फुप्फुसांत पाणी भरतं. तिथे कुणी सवयीने दोन लिटर सलाइन लावलं की संपलं. आडवं पडल्यावर दम लागणं, रात्री उठून बसावं लागणं, दोन मजले चढताना थांबावं लागणं हे 'दिवसांत असं होतंच' म्हणून सोडू नये. छातीला स्टेथोस्कोप लावायला एक मिनिट लागतं. क्षयरोगाचंही तसंच, वजन वाढत नाही याला 'खात नाही' हे कारण देऊन मोकळे होतात.

आणि बाळंतपणानंतर हृदयाचा स्नायू कमकुवत होण्याचा आजार पाच महिन्यांपर्यंत होऊ शकतो. मातामृत्यूच्या व्याख्येत बाळंतपणानंतर ४२ दिवसांपर्यंतचेच मृत्यू मोजतात, त्यानंतरचा असा मृत्यू त्यात बसत नाही, म्हणून वस्तीच्या यादीत वर्षभरातले सगळे मृत्यू घ्या. छळ, मारहाण, आत्महत्या हेही मग दिसू लागतं.

---

दीपमाळ

चौकशीबद्दल कुणी लिहिलं नाही, ते मी लिहितो.

आधी मोजणी. एका वस्तीत वर्षाला हजार जन्म होत असतील आणि प्रमाण लाखामागे २०० असेल, तर वर्षाला सरासरी दोन मृत्यू येतात. एखाद्या वर्षी शून्य, एखाद्या वर्षी चार, यातून काहीही सिद्ध होत नाही. तेव्हा वस्तीपातळीवर प्रमाण काढत बसू नका. प्रत्येक मृत्यू आणि त्यासोबत प्रत्येक थोडक्यात वाचलेली बाई (गर्भाशय काढावं लागलं, पाच पिशव्या रक्त लागलं, व्हेंटिलेटर लागला) तपासा. वाचलेली बाई स्वतः बोलू शकते, तिच्याकडून जे कळतं ते कुठल्याही केसपेपरवर नसतं.

शहरात मृत्यू निसटतात ते पत्त्यामुळे. मृत्यू जिथे घडला तिथे नोंद होते, ती बाई कुठे राहत होती तिथे नाही. भाड्याची खोली बदललेली असते, कामासाठी आलेलं कुटुंब अंत्यविधी उरकून मूळ गावी परततं, आणि वस्तीच्या यादीत ती बाई 'स्थलांतरित' म्हणून खोडली जाते. त्यामुळे पाळीच्या वयातल्या प्रत्येक बाईच्या मृत्यूबद्दल एक प्रश्न विचारायचा: गेल्या वर्षभरात ती गरोदर होती का? घरच्यांना नाही विचारता आलं तर शेजारणीला. जागतिक आरोग्य संघटनेची २०१३ ची पद्धत सांगते की दवाखान्यातला मृत्यू २४ तासांत आणि वस्तीतला ४८ तासांत कळवावा. घरच्यांशी सविस्तर बोलणं मात्र थोडे दिवस जाऊ दिल्यावर. शोकात असलेल्या माणसासमोर तक्ता उघडून बसू नये.

'कारण: रक्तस्राव' एवढं लिहून तपास संपवू नका. एका रेघेत नाही, साखळीत लिहा. असं:

'पहिली तपासणी ३२व्या आठवड्यात, कारण दवाखान्याची वेळ आणि तिच्या कामाची वेळ एकच. हिमोग्लोबिन ६.८, गोळ्या दिल्या, प्रसूतीचं ठिकाण ठरवलं नाही. चार खाटांच्या प्रसूतिगृहात प्रसूती, रक्त मोजलं नाही. ट्रॅनेक्सॅमिक उपलब्ध, दिलं नाही. दोन दवाखाने फिरून तिसऱ्यात रक्त, ओळखल्यापासून ३ तास १५ मिनिटांनी.'

यातल्या प्रत्येक वाक्यासमोर दोन रकाने: कोण बदलू शकतं, आणि कधीपर्यंत. व्यक्तीचं नाव कुठेही नको, बाईचंही नको आणि सिस्टरचंही. चौकशी शिक्षेसाठी आहे असं एकदा वाटलं की पुढच्या वेळी केसपेपरवर वेळा मागाहून भरलेल्या मिळतात, सगळ्या पाच-पाच मिनिटांच्या अंतराने, एकाच शाईत. तसा केसपेपर दिसला तर त्यावरच्या वेळा धरू नका. गाडीवाल्याच्या फोनची नोंद, रक्तपेढीची वही आणि दारावरच्या रखवालदाराची वही, या तीन ठिकाणच्या वेळा जुळवून बघा.